कुंकू नसलेले दोन बोल्ट

१

हँडल डावीकडे वळलं आणि चाक मात्र सरळच गेलं. गुरुवारी सकाळी साडेआठला, हुडकेश्वर रोडच्या वळणावर. आमच्या बिल्डिंगमधली नूपुर, चोवीस वर्षांची पोरगी, नव्या कोऱ्या सायकलसकट दुभाजकावर आदळली. जबडा दोन ठिकाणी तुटला, खांद्याचं हाड मोडलं. मागच्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून वाचली, नाही तर मी आज हे सांगत बसले नसते.

मी प्रमोदिनी, वय एकसष्ट. बत्तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या. माझा स्वभाव तापट आहे असं बिल्डिंगमधले म्हणतात, आणि ते खरंच आहे.

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. दारात रुपराव. आमच्या चौकात टिनाच्या शेडमध्ये पस्तीस वर्षं सायकली दुरुस्त करणारा हा माणूस. त्याच्या हातात नेहमी पाना दिसायचा, आज नुसताच मोबाईल होता.

"बाई, मले ठाण्यात बोलावलं. पाच वाजता."

"काहून?"

"विश्वनाथ सायबानं मायावर अर्ज देल्ला. म्हणते, पोरगी मायामुळं पडली."

विश्वनाथराव म्हणजे नूपुरचे वडील. कलेक्टर ऑफिसातून निवृत्त झालेले. दुसऱ्या मजल्यावर ते, त्यांच्या पत्नी इंदूबाई आणि ही एकुलती एक लेक. अर्जाचा फोटो रुपरावाच्या मोबाईलवर होता. मी चष्मा लावून वाचला. 'सदर सायकल कंपनीकडून थेट ऑनलाईन मागविलेली असून तिची जोडणी रुपराव यांनी केली. त्यांनी हँडल, पुढील चाक व डावे पेडल निष्काळजीपणे ढिले ठेवल्याने माझ्या मुलीचा जीव धोक्यात आला.' खाली सोसायटीतल्या सहा जणांच्या सह्या होत्या, आणि चौकातलं शेड हटवावं अशी विनंतीही.

"खरं सांग. हँडल नीट कसलं होतंस का?"

"बाई, तुमची शप्पथ. डब्यातून निघाली तवा हँडल, चाक, पेडल, समदं सुटं होतं. मीच जोडलं. मंग चाक दोन्ही पायात धरून हँडल हालवून पाह्यलं. जरा बी फिरलं नाही. पोरीलेबी तसंच कराले लावलं."

"मग घाबरतोस कशाला? शेड तुझं कोणी असं एका दिवसात..."

"शेडचं काय घेऊन बसले जी! शेड गेलं तं दुसऱ्या चौकात टाकीन. पण रुपरावनं कसलेली सायकल सुटली, असं एकदा लोकायच्या तोंडी बसलं, तं मायापाशी कोणी पंचर काढालेबी येनार नाही. मले दुसरं काय येते?"

त्याचा आवाज फुटला. साठीचा माणूस माझ्या दारात उभा राहून रडला आणि मला संताप आला, कोणावर ते तेव्हा कळलं नाही. पायात चपला सरकवल्या आणि म्हटलं, "चल, सायकल दाखव."

२

सायकल खाली पार्किंगमध्येच होती. पोलिसांनी फोटो काढून तिला तिथंच ठेवायला सांगितलं होतं. हँडल आडवं होऊन दांडीला चिकटलं होतं, चाक मात्र समोर बघत होतं.

"हात लावू नकोस. नुसतं सांग," मी म्हटलं.

रुपरावाने लांबूनच बोट दाखवलं. हँडल ज्या तुकड्यावर बसतं तो तुकडा खालच्या नळीला बाजूच्या दोन बोल्टांनी पकडलेला असतो. ते दोन बोल्ट कसले की हँडल आणि चाक एक. ढिले राहिले की दोघांचा संबंध संपला. मी रुमालाने धरून एक बोल्ट फिरवून पाहिला. तो बोटाने फिरला. दुसराही.

"सायकलच भंगार असेल. साडेनऊ हजारात काय येतं आजकाल?" मी म्हटलं.

"नाही जी, खोटं काहून बोलू? फ्रेम चांगली देल्ली कंपनीनं. ब्रेक हलके आहेत अन् बेअरिंगमंदी ग्रीस नव्हतं, ते मी भरलं. हेच दुकानात सतरा हजाराले भेटते. पोरीचा सौदा काही वाईट नव्हता. पण डब्यात अर्धीच सायकल येते ना बाई. बाकीची कोणीतरी जोडा लागते, अन् त्याचं नाव डब्यावर नसते. पडलं कोणी, तं कंपनी म्हणते जोडनाऱ्याले पकडा."

कंपनीनं विश्वनाथरावांना नेमकं तेच लेखी कळवलं होतं म्हणे.

मी मोबाईलचा टॉर्च लावून खाली वाकले. गुडघे कुरकुरले, कुरकुरू देत. सायकलच्या बोल्टांना डोक्यात सहा कोपऱ्यांचं भोक असतं, त्यात एलन की घालून फिरवतात. सीटखालच्या बोल्टाच्या भोकात काहीतरी लाल भरलेलं दिसलं. ब्रेकच्या दांडीच्या बोल्टात तेच. हँडलच्या अगदी वरच्या बोल्टातही. नखाने खरवडलं. वाळून कडक झालेलं हळदकुंकू.

खंडेनवमी! नवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची, गाड्यांची पूजा होते. इंदूबाई पूजेत हात आखडता घेत नाहीत. वाटीत हळदकुंकू कालवून सायकलच्या प्रत्येक बोल्टावर त्यांनी बोट टेकवलं होतं, मी स्वतः पाहिलं होतं.

"तू सायकल जोडलीस कधी?"

"मंगळवारी. नवमी दुसऱ्या दिवशी, बुधवारी होती, पोरगी पडली त्याच्या आठ दिवस आधी. त्याच्यानंतर मी हिले हात नाही लावला."

मी पुन्हा ते बाजूचे दोन बोल्ट पाहिले. दोन्ही भोकं स्वच्छ, चकचकीत. कुंकवाचा कणही नाही. इंदूबाईंनी हेच दोन वगळले असतील हे मला कोणी लिहून दिलं तरी पटणार नाही. म्हणजे नवमीनंतर कोणीतरी या भोकांत एलन की घातली होती आणि त्या चावीबरोबर कुंकू बाहेर आलं होतं.

रुपराव माझ्याकडे बघत होता. "म्हंजे बाई, कोनी मुद्दाम..."

"तोंड बंद ठेव. पाच वाजेपर्यंत कोणाजवळ एक शब्द काढायचा नाही," मी म्हटलं.

३

पार्किंगवरून भांडण करणारा आमच्याकडे एकच. पहिल्या मजल्यावरचे देवराव. त्यांची मोठी गाडी आणि नूपुरची सायकल एकाच खांबाजवळ लागायची, आणि दसऱ्यापासून दोघांची रोज चकमक व्हायची. अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. मी गेले तेव्हा ते पोहे खात होते.

"सायकलला हात लावला होता का तुम्ही?" मी उभ्या उभ्याच विचारलं.

"लावला ना! ती पडली त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी संध्याकाळी. माया भाचा मोहित आला होता, त्याची गाडी लावाची होती. हँडल धरलं, पुढचं चाक उचललं अन् फेकली बाजूले. पोरीनं लॉक लावून ठेवलं, मी काय करू?"

"हँडल धरून उचललीत? तेव्हा ते फिरलं नाही?"

"फिरते कशाले? पक्कं होतं. ओ प्रमोदिनीताई, तुम्ही मायावर शक करून राहिल्या का?"

"मी सगळ्यांवरच करते. सवय आहे."

ते भडकले. "अहो, पोरगी मायासमोर लहानची मोठी झाली! भांडतो मी, हाव, भांडतो. मंगळवारी भांडाले ती नव्हतीच. मायलेकी सकाळीच कुहीले गेल्या होत्या, तिच्या मामाकडं. बुधवारी रात्री आल्या. बुधवारी दुपारी तेवढी माई गाडी नीट सरळ लागली, एवढंच सुख. याच्यात मी काय गुन्हा केला?"

म्हणजे मंगळवारी संध्याकाळी हँडल पक्कं होतं. गुरुवारी सकाळी सुटलं. मधे दोन रात्री आणि एक दिवस. आणि मंगळवारी रात्री मोहित याच पार्किंगमधून गाडी काढून गेला होता. मोहितचं मेडिकल चौकात सायकलींचं मोठं शोरूम आहे, हे मला ठाऊक होतं. नूपुरवर त्याचा राग आहे हेही इंदूबाईंनी हसत हसत सांगितलं होतं. आता ते हसण्यासारखं वाटेना. मी ऑटो केली.

मोहित शोरूममध्ये एका गिऱ्हाईकाची सायकल स्वतः उघडत बसला होता. नूपुरचं नाव काढताच त्याचा चेहरा बदलला.

"मॅडम, वाईट झालं. पण खरं सांगू? एक तास! एक तास तिनं माझ्याकडच्या सायकली चालवून पाहिल्या. साईज माझ्याकडे ठरवली, सीटची उंची मी लावून दिली. मग माझ्यासमोरच मोबाईल काढून म्हणते, भैया, हीच ऑनलाईन साडेसात हजार कमी आहे, तिथूनच मागवते. दिमाग खराब झाला ना!"

"आणि मंगळवारी रात्री तीच सायकल तुझ्यासमोर उभी होती."

त्याला अर्थ कळायला दोन क्षण लागले. मग तो उठून उभा राहिला.

"म्हणजे मी...? मॅडम, काय बोलून राहिल्या तुम्ही? ती सायकल सहा महिन्यांत सर्व्हिसिंगला माझ्याकडेच येणार होती. सगळे ऑनलाईनवाले शेवटी इथंच येतात. हे बघा, हे पण तेच." त्याने हातातली सायकल पुढे ओढली, पाना लावला आणि डावं पेडल एका झटक्यात सोडवलं. नेहमीच्या उलट दिशेने. "डावं पेडल उलटं खुलतं. लोकांना माहीतच नसतं. सरळ फिरवत राहतात, जोर लावतात, पाना घसरतो, मग वाकडं बसवून आटे खराब करून आणतात. यात माझा धंदा आहे मॅडम. कोणाला मारून मला काय भेटणार?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी बघत होते ते त्याच्या हातातल्या पेडलकडे. डावं पेडल. हे शब्द मी सकाळीच कुठेतरी वाचले होते, आणि आठवलं तसं मी पर्सही नीट न लावता बाहेर पळाले.

४

अडीच वाजले होते. पार्किंगमध्ये मी पुन्हा गुडघ्यावर बसले, आणि यावेळी हँडलकडे बघितलंच नाही.

डावं पेडल किंचित वाकडं बसलं होतं. पाना लावायची जागा सगळीकडून खरवडलेली, घसरल्याचे पाच-सहा ओरखडे. कोणीतरी बराच वेळ चुकीच्या दिशेने जोर लावला होता. रुपराव हे झोपेतही करणार नाही. मोहित तर बोलता बोलता उलटं फिरवतो. मग पुढच्या चाकाचे नट पाहिले. मागच्या चाकाच्या नटांवर कुंकू होतं, पुढच्यांवर नव्हतं.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. ज्याला नूपुरला पाडायचं होतं, त्याला हँडलचे दोन बोल्ट पुरेसे होते. त्याने पेडल कशाला काढावं? चाक कशाला काढावं? आणि काढून पुन्हा लावायची मेहनत तरी कशाला? हँडल, पुढचं चाक, पेडल. ह्या तीन वस्तू मला रुपरावाने सकाळी एका दमात सांगितल्या होत्या. डब्यातून निघाली तेव्हा सुट्या होत्या त्या.

मी दुसऱ्या मजल्यावर गेले. इंदूबाई नूपुरसाठी गाळून पातळ केलेलं वरण थर्मासमध्ये भरत होत्या. जबडा तारांनी बांधलेला, नळीनेच पाजायचं होतं. तीन दिवसांत त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या.

"इंदूबाई, नवमीला सायकलच्या दांडीवर स्वस्तिक काढलं होतं ना तुम्ही?"

"काढलं होतं वं. अन् गुरुवारी ती निघाली तेव्हा पाहिलं तर पुसलेलं! हिला विचारलं, तर म्हणे मी नाही पुसलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

"सायकलचा डबा आहे?"

"माळ्यावर. नूपुरनंच ठेवायला लावला. आवडली नाही तर दहा दिवसांत कंपनी परत घेते म्हणे, पण डबा पाहिजे. ती तर म्हणे, आई, आता डबा रद्दीत दे, मला सायकल फार आवडली."

"मागवली कोणाच्या मोबाईलवरून?"

"ह्यांच्या. ह्यांनीच मागवून दिली. आधी किती नाही-नाही चाललं होतं ह्यांचं, पण लेकीपुढे काही चालतं का?"

स्टुलावर चढून मी डबा ओढला. जुनी चिकटपट्टी कापलेली होती आणि तिच्यावर नवी लावून ती पुन्हा कापलेली होती. मी झाकण उघडलं. आत, पुठ्ठ्याच्या भिंतीवर, तळहाताएवढा लाल-पिवळा डाग.

डबा रिकामा झाला नवमीच्या आदल्या दिवशी. पूजा झाली नवमीला. तरी डब्याच्या आत कुंकू होतं.

म्हणजे पूजेनंतर सायकल पुन्हा या डब्यात शिरली होती. नवमीनंतरच्या आठवड्यात, मायलेकी कुहीला होत्या त्या बुधवारी, जेव्हा देवरावांची गाडी नीट सरळ लागली, कारण खांबाजवळ सायकलच नव्हती. ती इथं होती. या घरात, या खोलीत. आणि घरात एकच माणूस होता.

"काय झालं वं?" इंदूबाईंनी विचारलं. "एवढी पांढरी काहून पडली?"

"काही नाही. थर्मास द्या, मी जाते हॉस्पिटलला," मी म्हटलं.

५

रामदासपेठेतल्या त्या हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, खोलीबाहेरच्या बाकावर विश्वनाथराव बसले होते. साडेतीन वाजले होते. थर्मास नर्सकडे देऊन मी त्यांच्या शेजारी बसले.

"पाच वाजता ठाण्यात जायचंय मला. त्या माणसाला सोडणार नाही मी," ते म्हणाले.

"विश्वनाथराव, पडताना हँडल फिरलं, हे सगळ्यांना दिसलं. पुढचं चाक आणि डावं पेडल ढिलं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"पोलिसांनी फोटो काढले ते हँडलचे. तुम्ही गुरुवारपासून इथंच आहात. सायकल तुम्ही पाहिलेलीसुद्धा नाही. पण अर्जात तुम्ही तिन्ही वस्तू लिहिल्या, कारण तुमच्या हातांना माहीत होतं त्यांनी काय काय उघडलं ते."

"तुम्हाला काय म्हणायचंय?"

"डब्यात कुंकू लागलंय. आतून."

त्यांनी तोंडावर हात घेतला. आत कसलंतरी यंत्र टिकटिक करत होतं आणि मला ते बंद करावंसं वाटत होतं.

"ती रोज त्या रोडने जायची," ते म्हणाले, इतक्या हळू की मला वाकावं लागलं. "मानेवाड्याच्या लॅबमध्ये. शेजारून ट्रक जातात, बस जातात. पहिल्या दिवशी मी मागे स्कूटर घेऊन गेलो होतो, तिला न सांगता. घरी येऊन मला उलटी झाली. पण नाही कसं म्हणू? इतकी खूश होती. मी म्हटलं, परत पाठवून देऊ. सांगू, कंपनीनेच परत बोलावली, काहीतरी खराबी निघाली म्हणून."

"आणि बुधवारी न्यायला माणूस आला."

"स्वस्तिक मी पुसलं होतं. बाकी मला काही दिसलं नाही. तो डबा उघडून म्हणतो, काका, ही पूजा झालेली आहे, बोल्टाबोल्टात कुंकू आहे, ही वापरलेली धरतात, मी नेऊ शकत नाही. गेला. चार वाजले होते. ह्या दोघी रात्री येणार. मी घाईघाईने परत जोडली. डब्यातली ती छोटी चावी आणि पाना होता ना, त्यांनीच. मी घट्ट केलं होतं हो प्रमोदिनीताई! हाताला लागलं तेवढं केलं! मला काय माहीत, अजून किती कसायचं असतं?"

"आणि रुपराव?"

"गुरुवारी फोन आला तेव्हाच मला कळलं होतं. पण मग सगळे म्हणायला लागले, मिस्त्रीने ढिलं ठेवलं. मी अर्ज लिहायला बसलो. लिहिता लिहिता मला खरंच वाटायला लागलं की त्यानेच ठेवलं."

मी चिडायला पाहिजे होतं. सकाळपासून त्याचीच तयारी केली होती. पण हा माणूस आपल्या लेकीला पडू नये म्हणून धडपडला होता आणि त्याच धडपडीने ती पडली होती. शिव्या तरी काय घालायच्या?

"मी अर्ज मागे घेतो," त्यांनी माझा हात धरला. "आत्ता ठाण्यात फोन करतो. शेडचंही बघतो. रुपराव सुटेल. फक्त हे कोणाला सांगू नका. नूपुरला कळलं तर ती माझ्याकडे कधी बघणार नाही."

मला ते पटायला लागलं होतं, हे मी कबूल करते. इंदूबाईंचा चेहरा डोळ्यापुढे होता. मी तिथंच रुपरावाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. विश्वनाथराव अर्ज मागे घेतात, प्रकरण मिटतं, चालेल का?

"बाई," तो म्हणाला, "अर्ज मागं घेतला, तं लोक काय म्हनतीन? सायबानं मिस्त्र्यावर दया केली. गरीब आहे, जाऊ द्या म्हनले. मले दया नाही पायजे जी. मी कसलं होतं, एवढंच त्यायनं चार लोकायसमोर बोलावं. नाही तं मी ठाण्यात जातो. जे होईन ते होईन."

विश्वनाथराव शेजारीच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. घड्याळात सव्वाचार झाले होते.

६

पावणेपाचला आम्ही चौकात पोहोचलो. रस्ताभर ऑटोत हा माणूस ऐन वेळी पाय मागे घेणार अशी मला धाकधूक होती.

शेडसमोर दहा-बारा लोक जमले होते. सोसायटीतले सही करणारे, देवराव, मोटरसायकलवर आलेला एक हवालदार. रुपराव स्वच्छ शर्ट घालून उभा होता, ठाण्यात जायला तयार.

"या साहेब, तुमचीच वाट बघून राहिलो. चला, बसवू याले गाडीवर," देवराव म्हणाले.

विश्वनाथराव ऑटोजवळच थांबले. मी त्यांना ढकललं नाही. फार वाटलं ढकलावं, पण हात मागे धरून ठेवला. मग ते स्वतःच चालत पुढे गेले, गर्दीच्या मधोमध.

"यानं बरोबर कसली होती सायकल," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला म्हणून त्यांनी परत म्हटलं. "रुपरावने बरोबर कसली होती. मी उघडली. बुधवारी. परत पाठवायची होती मला. मग मीच जोडली आणि मला जोडता येत नाही. अर्जात लिहिलं ते खोटं आहे. माझी लेक माझ्यामुळे पडली."

देवरावांनी नजर खाली घातली. हवालदाराने, आता काय करावं, अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? लिहून घ्या."

रुपराव मटकन स्टुलावर बसला. विश्वनाथराव त्याच्यासमोर वाकायला गेले, तर तो घाईने उठला आणि त्यांचे हात धरले.

"मायापुढं नोका वाकू सायेब. मायं झालं. आता पोरीले सांगा. बाहेरून तिच्या कानावर गेलं, तं लई वाईट होईन."

सहा वाजता आम्ही परत त्या खोलीत होतो. नूपुर उशांना टेकून बसली होती, चेहरा सुजून ओळखू न येण्यासारखा. तिला बोलता येत नव्हतं. तीन दिवस ती मोबाईलवर लिहून दाखवत होती. मी बाहेर जाते म्हटलं, पण विश्वनाथरावांनी माझ्या पदराला धरलं लहान मुलासारखं, आणि मी भिंतीशी उभी राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं. स्कूटरवरून मागे गेल्याचं, डब्याचं, परत नेणाऱ्या माणसाचं, त्या छोट्या चावीचं, आणि रुपरावाचंही. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर ते पलंगाच्या लोखंडी दांडीला धरून उभे राहिले.

नूपुर त्यांच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तारांमुळे तिला नीट रडताही येईना. मग तिने मोबाईल घेतला. एकाच हाताने लिहायचं होतं, वेळ लागला. लिहून झाल्यावर तिने तो वडिलांकडे दिला नाही, माझ्याकडे दिला आणि वाचा म्हणून खूण केली.

मी मोठ्याने वाचलं. "सरळ नाही म्हणून टाकायचं होतं ना, बाबा. मी रडले असते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नसते. एवढंच झालं असतं."

विश्वनाथराव खाली जमिनीवर बसले. मी मोबाईल पलंगावर ठेवला आणि इंदूबाईंना फोन करायला बाहेर गेले.